बाईंचे दोन प्रश्न

प्रश्न विचारून झाला की बाई गप्प बसत. त्यात काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. पण आपण बहुतेक जण प्रश्न विचारतो आणि समोरचा अडखळला की आपणच त्याच्या तोंडात उत्तर घालतो, नाहीतर हसून विषय बदलतो. बाई यातलं काहीच करत नसत. परळच्या आमच्या शाळेत त्या आठवीला नागरिकशास्त्र शिकवायच्या. एखाद्या मुलाला उभं करून विचारायच्या, "नगरसेवक काम करत नसेल तर तू काय करशील?" आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. वर्गात फक्त पंख्याची घरघर. मुलगा छताकडे बघतोय, शेजारच्याकडे बघतोय. बराच वेळ गेला की बाई एवढंच म्हणायच्या, "मी थांबलेय." त्यात राग नसायचा, म्हणून ते जास्त जड जायचं. ओरडणाऱ्या मास्तरांची आम्हाला सवय होती, थांबणाऱ्या बाईंची नव्हती.

निवृत्तीनंतर बाई नगरसेविका झाल्या आणि साठी ओलांडल्यावर आमदार. पक्षाला त्या निवडणुकीत लालबाग-परळच्या बायकांची मतं हवी होती आणि त्यातल्या निम्म्या बायका बाईंच्या हाताखालून गेलेल्या होत्या. मी वकिलीची सनद घेऊन एका मोठ्या वकिलांकडे तारखा घेत फिरत होते. बाईंनी बोलावून घेतलं. "मेघा, तुझं अक्षर चांगलं होतं. अजून आहे का?" म्हटलं, आता सगळं टाइपच करतात, बाई. त्या म्हणाल्या, "मग वाक्य तरी नीट लिहीत जा," आणि मी त्यांची स्वीय सहाय्यक झाले. कार्यालय म्हणजे लालबागला रस्त्यालगतचा एक गाळा. तिथे एक टेबल, चार बाकडी आणि पाण्याचा एक माठ होता.

बाईंना डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. हे फार थोड्यांना माहीत होतं आणि बाई त्याचा उपयोगही करून घेत. ज्याचं ऐकायचं नाही त्याला त्या गोड बोलून डाव्या बाजूच्या बाकड्यावर बसवत. बदलीसाठी वशिला लावायला येणारे, बॅनरवर फोटो मागणारे, सगळे डावीकडे. उजवीकडची जागा अडचणीत असलेल्यांची. कोण कुठे बसलंय यावरून आत आलेल्या माणसाचं काम होणार की नाही, ते मला कळायचं.

विधानसभेत विचारायच्या प्रश्नांचे मसुदे मी करायचे. सुरुवातीला मी ते रंगवून लिहायचे. 'अन्यायग्रस्त', 'पिचलेल्या', 'पोटतिडकीने'. बाई पेन्सिल घेऊन एकेक शब्द खोडायच्या. "विशेषण काढ. तू विशेषण दिलंस की मंत्री त्यालाच उत्तर देऊन मोकळा होतो." सरकारी उत्तरांचा साचा ज्यांनी पाहिलाय त्यांना बाईंचं म्हणणं कळेल. आपण विचारायचं, अमुक गोष्ट घडली हे खरे आहे काय. उत्तर येतं, हे खरे नाही. मग असल्यास शासनाने कोणती कारवाई केली, याच्यापुढे छापून येतं, 'प्रश्न उद्भवत नाही'. या तीन शब्दांशी बाईंचं वैर होतं. आमच्याकडच्या फायलींत ते पानोपानी असायचे आणि त्याखाली पेन्सिलीने बाईंची एक आडवी रेघ.

ज्या अधिवेशनाबद्दल मी सांगतेय त्यात बाईंचे दोन प्रश्न लागले होते. त्यातला एक त्यांच्या स्वतःच्या इमारतीचा होता. जुनी पिंपळ चाळ पाडून तिथे उंच टॉवर झाला आणि त्याला पिंपळ हाइट्स असं नाव पडलं. बाई आणि त्यांचे यजमान नवव्या मजल्यावर राहायचे. घरं एवढीशी होती, आणि एवढ्या लहान घरांना मुंबईत मालमत्ता कर माफ आहे. पण बिल्डरने इमारतीचं करखातं वेगवेगळ्या घरांच्या नावावर करूनच दिलं नाही. कागदोपत्री आख्खा टॉवर त्याच्याच एकट्याचा राहिला, कर त्याने थकवला, आणि एके सकाळी गेटवर जप्तीची नोटीस चिकटली. ज्यांना कर लागूच नव्हता त्यांच्या घरांवर जप्ती. म्हातारी माणसं गेटशी उभं राहून ती नोटीस पुन्हा पुन्हा वाचायची.

सोसायटीचे अध्यक्ष अण्णा चौथ्या मजल्यावर राहायचे. माझगावच्या गोदीतून निवृत्त झालेले, सरळ माणूस. चाळ पाडताना पहिली सही त्यांनी केली होती, लोकांना त्यांनीच समजावलं होतं, त्यामुळे ती नोटीस त्यांना स्वतःच्या तोंडावर मारल्यासारखी वाटायची. रोज सकाळी ते कार्यालयात येऊन उजवीकडच्या बाकड्यावर बसायचे. "बाई, आपला प्रश्न कधी येतोय?" बाई सांगायच्या, "लागलाय, अण्णा. पुकारला गेला पाहिजे."

दुसरा प्रश्न अण्णांच्या घरातूनच आला होता, आणि ते अण्णांना माहीत नव्हतं.

त्यांच्या सुनेला मी इथे शिल्पा म्हणते. हे लिहिण्याआधी मी तिला विचारलंय. तिने सांगितलं, नाव बदल, बाकी काही बदलू नकोस. दुपारी कार्यालयात कुणी नाही असं बघून ती आली. तीन वर्षांच्या मुलीला शाळेत सोडून आली होती. बराच वेळ माठाकडे बघत बसली. बाई थांबल्या. मग ती म्हणाली, "बाई, मला दुसरं मूल नकोय. आत्ता तरी नकोय."

पहिल्या वेळी तिचं ब्लड प्रेशर इतकं वाढलं होतं की तिला फिट्स आल्या. मुलगी वाचली, तीही वाचली. पण घरी आल्यावर कित्येक महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची. आता पुन्हा दिवस गेले होते. नवरा, महेश, वाईट माणूस नव्हता. सासूला नातू हवा होता आणि महेशला आईला नाही म्हणता येत नव्हतं. शिल्पा एकटी एका हॉस्पिटलात जाऊन आली होती. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, मिस्टरांची सही लागेल.

बाईंनी मला कायदा काढायला लावला. संमतीचं कलम मी वाचलं. "पुन्हा वाच," त्या म्हणाल्या. पुन्हा वाचलं. "यात नवरा कुठे आला?"

"कुठेच नाही, बाई. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते."

"मग चल गं," त्या शिल्पाला म्हणाल्या.

दुसऱ्या हॉस्पिटलात बाई तिची मावशी म्हणून गेल्या. आमदार म्हणून गेल्या असत्या तर दार लगेच उघडलं असतं, पण त्यांच्याबरोबर कोण आलं होतं हेही सगळ्यांच्या लक्षात राहिलं असतं. साधी सुती साडी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. मी मागे बाकावर बसले. शेजारी एक मुलगी होती, शिल्पाहून लहान, पायात प्लास्टिकच्या चपला. तीही सहीसाठीच परत पाठवली गेली होती आणि पुन्हा आली होती. नवरा कुठे आहे तेच तिला माहीत नव्हतं. बाईंनी तिला सांगितलं, "तू इथेच बस. मी आत जाऊन येते."

डॉक्टर सभ्य होते. "मला कायदा माहीत आहे, मावशी. पण ही आमची पॉलिसी आहे. उद्या मिस्टर येऊन भांडले तर निस्तरायचं कुणी?"

"ते भांडतील म्हणून हिने जीव धोक्यात घालायचा?" बाईंनी विचारलं आणि गप्प बसल्या.

डॉक्टरांनी फोन बघितला, पंख्याकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "मी थांबलेय."

"थांबून उपयोग नाही, मावशी," ते म्हणाले. उर्मट नव्हते. खरंच सांगत होते.

बाईंचं थांबणं वाया गेलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. आम्ही बाहेर आलो तेव्हा बाकावरची ती मुलगी निघून गेली होती. बाईंनी जिन्यात बघितलं, फाटकापर्यंत गेल्या, रस्त्यावर दोन्हीकडे बघितलं. मग परत येऊन शिल्पाचा हात धरला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. शिल्पा घरातून रोज रोज निघू शकत नव्हती. एकदा सासूबरोबर लग्नाला जावं लागलं, एकदा मुलीला ताप आला. प्रत्येक दिवसागणिक काम अवघड होत होतं हे आम्हा तिघींना कळत होतं आणि अण्णा रोज सकाळी उजवीकडे बसून बाईंना विचारत होते, "काही कळलं?" शेवटी एका सरकारी हॉस्पिटलात एक वयस्क डॉक्टरबाई भेटल्या. त्यांनी शिल्पाला तपासलं आणि म्हणाल्या, "आणखी उशीर केला असतास तर दाखल करून घ्यावं लागलं असतं. इथे सही कर."

शिल्पाने विचारलं, "कुणाची?"

"तुझी. आणखी कुणाची?"

शिल्पा तिथे रडली. त्याआधी एकदाही रडली नव्हती. सगळं आटपेपर्यंत बाई बाहेर बाकावर बसून होत्या, आणि संध्याकाळ व्हायच्या आत आम्ही तिला टॅक्सीने लालबागच्या नाक्यावर सोडलं. इमारतीपर्यंत नको, असं तीच म्हणाली.

टॅक्सीत उरलो आम्ही दोघी. मी म्हटलं, सुटलो. बाई बाहेर बघत होत्या. "शिल्पा सुटली," त्या म्हणाल्या. "त्या चपलावाल्या मुलीचं काय झालं असेल गं?" घरी न जाता आम्ही कार्यालयात आलो आणि प्रश्नाचा मसुदा केला. गर्भपातासाठी सज्ञान स्त्रीकडे पतीच्या सहीची मागणी केली जाते हे खरे आहे काय, असल्यास ती कोणत्या कायद्याने. मी एकही विशेषण घातलं नाही.

तो पाठवण्याआधी बाईंना शिल्पाला विचारायचं होतं. फोनवर बोलायची सोय नव्हती, घरात कायम कुणीतरी असायचं. शेवटी लिफ्टमध्ये गाठ पडली. शिल्पा मुलीला खाली खेळायला नेऊन परत येत होती, आम्ही नवव्या मजल्यावर चाललो होतो. दार लागलं तसं बाई म्हणाल्या, "विधानसभेत विचारू का? कोणी शोधत तुझ्यापर्यंत येऊ शकतं. नको म्हणालीस तर नाही विचारणार."

शिल्पा वरच्या आकड्यांकडे बघत होती. दोन मजले गेले. "विचारा," ती म्हणाली. "पण त्यांनी नाव विचारलं तर?"

"तुझं नाव माझ्या तोंडून जाणार नाही."

चौथा मजला आला. दारात सासू उभी होती. "बाईंच्या पाया पड गं," ती नातीला म्हणाली.

प्रश्न मंजूर झाला आणि त्या दिवसाच्या यादीत अगदी वर लागला. कराचा प्रश्न त्याच यादीत बराच खाली होता, आणि तासाभरात जेवढे पुकारले जातील तेवढ्यांवरच सभागृहात बोलता येतं. अधिवेशन सुरू व्हायच्या सुमाराला पक्षाचे एक पुढारी कार्यालयात आले. सभागृहात आमदारांनी काय करायचं ते हेच सांगायचे. ते सवयीने डावीकडे बसले. बाई उठल्या, आपली खुर्ची उचलून त्यांच्या पलीकडे नेऊन ठेवली आणि उजवा कान त्यांच्याकडे करून बसल्या. "आता बोला. मला शब्द न् शब्द ऐकायचाय."

ते हसले. "बाई, तुमचा तो वरचा प्रश्न सगळा तास खाणार. गोंधळ होणार, कराचा पुकारलाच जाणार नाही. वरचा मागे घ्या. मंत्री कराच्या बाबतीत तयारीने येतील, तिथल्या तिथे घोषणा होईल. लोक तुम्हाला डोक्यावर घेतील."

"आणि नाही घेतला तर?"

"तर लोक विचारतील, हे बाईंना अचानक कुठून सुचलं. तुम्ही एका मुलीला घेऊन हॉस्पिटलं फिरत होतात, असं आमच्या कानावर आलंय. कोण ती, हे शोधायला काय वेळ लागतो? विरोधकांकडेही कान आहेत, बाई. मी आपला काळजीने सांगतोय."

बाईंनी थांबून पाहिलं, पण त्या माणसालाही थांबता येत होतं. शेवटी तो नमस्कार करून गेला. बाईंनी माठातलं पाणी घेतलं आणि खुर्ची उचलून परत जागेवर नेऊन ठेवली.

बाई कुणा मुलीसाठीचा प्रश्न मागे घेत नाहीत आणि त्यात कराचा बुडणार, ही बातमी इमारतीत पोचायला वेळ लागला नाही. त्या पुढाऱ्यानेच पोचवली असणार. अण्णांनी बाईंना घरी बोलावलं. चौथ्या मजल्यावरच्या त्या छोट्या खोलीत कमिटीची माणसं दाटीवाटीने बसली होती. अण्णा उभे होते. आवाज चढलेला नव्हता.

"बाई, आम्ही तुम्हाला आपलं माणूस म्हणून मत दिलं. कुणाची कोण ती पोरगी, तिच्यासाठी आमच्या घरांवर पाणी सोडताय? तो प्रश्न पुढच्या वेळी विचारा. तिचं काय जळतंय एवढं?"

त्याच वेळी शिल्पा चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून आली. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि भिंतीवरच्या गणपतीकडे बघत राहिले. ती एकेकाला कप देत बाईंपर्यंत आली. बाईंनी कप घेतला, एक घोट घेतला आणि अण्णांकडे बघून म्हणाल्या, "कुणाची तरी असेलच ना, अण्णा."

"पण आमची नाही ना."

ट्रेवरचे उरलेले कप घेऊन शिल्पा आत गेली. बाई म्हणाल्या, "दोन्ही प्रश्न माझेच आहेत. एक विकून दुसरा घेणार नाही. तुमचा पुकारला गेला नाही तर दुसऱ्या मार्गाने लढेन. पण मागे कुठलाच घेणार नाही." कुणीतरी पाठीमागून म्हणालं, चला, कळलं. चहा तसाच ठेवून माणसं उठली.

त्या दिवशी मी विधान भवनात प्रेक्षकांच्या गॅलरीत होते. प्रश्न पुकारला गेला. छापील उत्तर आमच्या हातात आधीच आलं होतं. हे खरे नाही. पुढचा भाग, प्रश्न उद्भवत नाही. बाई उपप्रश्नाला उभ्या राहिल्या. "अध्यक्ष महोदय, सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला तिच्या स्वतःच्या संमतीखेरीज कायद्याने आणखी कुणाची सही लागते का? हो की नाही, एवढंच सांगावं."

मंत्र्यांनी कुटुंबसंस्थेबद्दल सांगितलं, विषय नाजूक आहे असं सांगितलं. बाई म्हणाल्या, "मी सही विचारली."

मागच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "अशी एक तरी बाई दाखवा. नाव सांगा." मग दोघं-तिघं उठली. नाव, नाव, नाव. एक जण हसत म्हणाला, "लालबागचीच आहे म्हणतात. बिल्डिंगपण सांगू का?"

चौथ्या मजल्यावर टीव्ही लागलेला असणार हे मला माहीत होतं. अण्णा कराच्या प्रश्नासाठी सकाळपासून त्यासमोर बसले असणार, आणि शिल्पा त्याच खोलीत असणार.

बाई उभ्याच होत्या. ओरडणाऱ्यांचे घसे बसेपर्यंत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "नाव सांगते."

उठलेली दोघं-तिघं खाली बसली.

"सुमन दळवी. म्हणजे मी. गिरण्यांचा संप चालू होता. मला दोन मुलं होती आणि तिसरं आम्हाला पोसवणार नव्हतं. माझे यजमान गावाला शेतीच्या कामाला गेले होते. हॉस्पिटलच्या खिडकीवर मला सांगितलं, नवऱ्याची सही आणा. कायदा तेव्हाही हाच होता, पण मला तो कुणी सांगितला नाही. मी जिन्यात बसले आणि त्यांची सही मी केली. मी शिक्षिका होते, अध्यक्ष महोदय. नक्कल करणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर काढत होते. कायद्याने जे मागितलं नव्हतं, त्यासाठी मला खोटं करावं लागलं. आजही बायका त्याच खिडकीवरून परत जाताहेत. मंत्री महोदयांनी आता सांगावं, प्रश्न उद्भवतो की नाही. मी थांबलेय."

आणि त्या खरंच थांबल्या. मंत्र्यांनी चष्मा काढला, पुसला. मग म्हणाले की कायद्याने पतीच्या सहीची आवश्यकता नाही आणि तसं स्पष्ट करणारं परिपत्रक काढण्यात येईल. त्यानंतर पुन्हा गोंधळ झाला. सदस्याने खोट्या सहीची कबुली दिलीय, कारवाई करा, अशी मागणी झाली, आणि त्यात तास संपला. कराचा प्रश्न पुकारला गेला नाही. त्याचं छापील उत्तर पटलावर गेलं. खातं बिल्डरच्या नावावर असल्यामुळे रहिवाशांच्या करमाफीचा प्रश्न उद्भवत नाही.

संध्याकाळी मी बाईंना घरी सोडायला गेले. लिफ्टमध्ये त्या म्हणाल्या, "ह्यांना मी कधी सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं झाली." दार बाईंच्या यजमानांनी, काकांनीच उघडलं. टीव्ही बंद होता. काका गिरणीत विणकर होते, मितभाषी माणूस. ते आरामखुर्चीत जाऊन बसले, बाई समोर पलंगावर. मी निघायला हवं होतं, पण बाईंनी माझं मनगट धरून ठेवलं होतं.

"माझी सही तुका जमली कशी गो?" काकांनी विचारलं.

"पगाराच्या दिवशी घरी कागद आणायचात ना. बघितलेली होती."

काका कितीतरी वेळ बोटं मोजल्यासारखी हलवत बसले. "माका सांगितलं असतंस तर मी केली असतंय."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्यावर राग नव्हताच. तुमची मागितली आणि माझी चालत नव्हती, ह्याचा राग होता."

काकांनी मान हलवली. मग उठून त्यांनी गॅसवर पातेलं ठेवलं. बाईंनी माझं मनगट सोडलं तेव्हा त्यावर त्यांच्या बोटांचे वळ होते.

परिपत्रक निघालं. कागद निघाला म्हणून सगळ्या खिडक्या सुधारल्या नाहीत, पण माझ्यासारख्यांच्या हातात दाखवायला काहीतरी आलं. पुढच्या अधिवेशनात बाईंनी कराचा विषय लक्षवेधी सूचनेने पुन्हा लावून धरला आणि सरकारकडून आश्वासन काढून घेतलं. जप्ती थांबली, पण घराघरांची खाती वेगळी व्हायला आणखी वेळ गेला. तोवर निवडणूक आली होती आणि पक्षाने बाईंना तिकीट दिलं नव्हतं. करमाफी झाली तेव्हा गेटवर नव्या आमदाराच्या आभाराचा बॅनर लागला. बाईंनी तो वर मान करून नीट वाचला आणि म्हणाल्या, "'मालमत्ता'मधला एक त खाल्लाय."

अण्णा त्यांच्याशी बोलायचे बंद झाले होते. लिफ्टमध्ये एकत्र आले तर पाठ करून उभे राहायचे. बाई विचारायच्या, "चौथा ना, अण्णा?" आणि बटण दाबायच्या. मी एकदा चिडून म्हटलं, एकदा सांगून टाकू का त्यांना? बाई इतक्या कठोरपणे माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. "ते सांगणं तुझं नाही आणि माझंही नाही. ती सांगेल. नाही सांगितलं तरी तिचा हक्क."

गेल्या वर्षी बाई गेल्या. चार दिवस ताप काय आला, आणि संपलं. सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. अध्यक्ष म्हणून अण्णांनाच बोलावं लागलं. ते प्रामाणिकपणे बोलले. बाईंनी किती पोरांना शिकवलं, चाळीत पाणी नव्हतं तेव्हा कशा रांगेत उभ्या राहायच्या, सगळं सांगितलं. मग म्हणाले, "आमच्या मनात एकच सल राहिला. आमच्या घरांवर वेळ आली तेव्हा बाई एका परक्या मुलीसाठी उभ्या राहिल्या."

"परकी नव्हती, अण्णा."

शिल्पा मागच्या रांगेत उभी राहिली होती. शेजारी महेश होता. त्याला तिने आधीच कधीतरी सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. त्याची मान खाली होती, पण त्याने तिचा हात धरलेला होता. "ती मी होते," शिल्पा म्हणाली आणि खाली बसली.

अण्णांनी माईक खुर्चीवर ठेवला. काका उठले, अण्णांच्या जवळ जाऊन त्यांना हाताला धरून खुर्चीपर्यंत घेऊन आले.

दोन-तीन दिवसांनी अण्णा माझ्याकडे आले. मी आता त्याच गाळ्यात वकिली करते. चहा मागवला, तो त्यांनी घेतला नाही. "शिल्पाला विचारायचं धाडस होत नाही," ते म्हणाले. "तुला विचारतो. हॉस्पिटलात तिच्याबरोबर बाई होत्या?"

"होत्या."

"शेवटपर्यंत?"

"टॅक्सीने नाक्यापर्यंत आणून सोडलं, अण्णा. पुढे ती एकटी चालत गेली."

अण्णांनी कपाकडे बघितलं. "मला आठवतोय तो दिवस," ते म्हणाले. "दाताच्या डॉक्टरकडे जाते म्हणून सांगून गेली होती. मी गेटवर होतो, नोटिशीबद्दल लोकांशी बोलत. जाताना मला दिसली, तर मी म्हटलं, येताना पाव घेऊन ये."

त्यांनी कप बाजूला सरकवला.

"आणि ती घेऊन आली गं."